जावांचे रांजण

या, पण चपला काढा आधी. दगड तापलाय, तरी काढा. ही सावरी नदी, आणि खडकात पडलेले हे खोल खड्डे म्हणजे जावांचे रांजण. वाकून बघा, पण जपून. काहींत उभा माणूस बुडतो. मघाशी या सूनबाईंनी, म्हणजे आमच्या पाटलांच्या अमेरिकेत वाढलेल्या नव्या सुनेनं, मोबाईलवर तिकडची ग्रँड कॅन्यन दाखवली. तांबडे, पिवळे थर एकावर एक रचलेले आणि तळाशी दोऱ्याएवढी नदी. मग ते यलोस्टोनचं वाफाळतं तळं, मधे निळं, काठाला शेंदरी. खोटं कशाला बोलू, बघून पोटात दुखलं. आमचा खडक आपला एकरंगी, काळा. पण सूनबाई, या काठावर उभं राहून दुसऱ्या नदीचं कौतुक करायचं नसतं. का, ते ऐका.

फार पूर्वी इथे एकही रांजण नव्हता म्हणे. नदीचं पात्र पाटासारखं सपाट. पावसाळ्यात पाणी यायचं तसं निघून जायचं, आणि चैत्र लागला की थेंब नसायचा. मग बायका डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जायच्या, आणि सगळ्यांच्या पुढे असायची मंजुळा, एका मोठ्या घरची थोरली सून. झऱ्याची धार बारीक झाली तर कुठली कपार उकरायची, हे तिलाच ठाऊक. तिच्या शब्दावर बायका चालायच्या आणि तिला ते फार आवडायचं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि साळू घरात आली. घाटमाथ्यावरची पोर. येताना ओटीत माहेरच्या नदीतला गोल गोटा घेऊन आली. त्यानंच हळद वाटायची त्यांच्याकडे रीत होती. साळू स्वभावानं गरीब, पण जिभेला एकच नाद. "जाऊबाई, आमच्या नदीला असे डोह आहेत, ऐन वैशाखात हत्ती बुडेल!" सासू हातातलं काम टाकून ऐकायची. झऱ्याच्या वाटेवर बायका मंजुळेला सोडून साळूभोवती गोळा होऊ लागल्या. मंजुळेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतकी वर्षं पाणी दाखवलं मी, आणि कौतुक कुणाचं, तर कुणी न पाहिलेल्या डोहाचं!

आषाढात नदीला पूर आला. साळू शेतावर गेलेली बघून मंजुळेनं तो गोटा उचलला, आणि पात्रात खडकाला जरासा खळगा होता तिथे भिरकावला. "जा, बूड तुझ्या डोहात!" साळूनं घर पालथं घातलं, रडली, आणि त्यानंतर माहेरचं नावच घेईनाशी झाली. मंजुळा त्या दिवशी सुखानं जेवली.

पण सकाळी ती जात्यावर बसली की नदीतून घरघर ऐकू यायची. हाताखालचं जातं थांबलं तरी नदीतलं थांबायचं नाही. भोवऱ्यात सापडलेला तो गोटा गरगर फिरत होता आणि खडक दळत होता. अमेरिकेतली ती नदीही अशीच खडक कापत खाली गेली, लाखो वर्षं लागली म्हणतात. इथे मत्सर होता, एका पावसाळ्यात काम झालं.

पुढच्या चैत्रात डोंगरापलीकडचा झराही आटला. मंजुळा पाण्याच्या शोधात पात्रातून चालली होती, तर समोर काळ्या खडकात गार पाण्यानं भरलेला रांजण! हाक मारून तिनं गाव जमवलं आणि ऐटीत घागर घेऊन वाकली. पाणी खाली गेलं. दोर सोडला, आणखी खाली गेलं. तळाशी तो गोटा दिसला, आणि हे पाणी कुणासाठी वर येईल ते तिनं ओळखलं. बोलावं तर साळू गावाची देवी होणार. न बोलावं तर पोरं तहानेनं तडफडणार. शेवटी दातओठ खात म्हणाली, "साळू, ये. तुझ्या माहेरचा गोटा आहे, मीच टाकला. तूच काढ पाणी." साळू वाकली आणि पाणी काठापर्यंत आलं, असं सांगतात.

गावानं साळूची ओटी भरली. तुम्हाला वाटेल, आता मंजुळेचं मन निवळलं असेल. कसलं निवळतंय! भर उन्हात ती माहेरी चालत गेली, तिथल्या ओढ्यातला गोटा पदरात बांधून आणला आणि साळूच्या रांजणाला खेटून टाकला. "माझ्याही माहेरचं पाणी पिऊ दे गावाला!" पुढच्या पुरात तोही फिरू लागला. ते बघून बाकीच्या सुना पेटल्या. जी ती आपापल्या माहेरचा गोटा आणू लागली. एवढे रांजण नुसत्या प्रेमानं पडले नसते हो.

त्या पहिल्या दोन रांजणांमधली भिंत तळाशी झिजून फुटलीय. एकातून घागर काढली की दुसऱ्यातलं पाणी हलतं. मंजुळेला हे म्हातारपणी कळलं होतं म्हणे, पण तिनं कुणाला सांगितलं नाही. साळूलाही कळलं होतं. तीही बोलली नाही. दोघी शेवटपर्यंत आपापल्या रांजणाचं पाणी भरत राहिल्या.

आजही गावात आलेली सून माहेरचा गोटा इथे टाकते. तिकडच्या त्या ग्रँड कॅन्यनसारख्या सरकारी उद्यानांतून खडासुद्धा उचलायला बंदी आहे म्हणता? बरोबरच आहे, तिथल्या नद्याही जळक्या असणार. तुम्ही माहेरच्या घरामागच्या ओढ्यातला आणलाय ना? मग टाका की सूनबाई. आणि शेजारचा रांजण किती खोल गेलाय, ते काय वाकून बघताय?