हत्तीने न टाकलेले पाऊल

फार पूर्वी शोणपुरात वज्रनाभ राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने त्याच्या अमात्याचा जन्म घेतला होता. अमात्य बहात्तर वर्षांचा होता, पण दिसेल त्याला काहीतरी विचारण्याची त्याची सवय सुटली नव्हती. कोपऱ्यावर पाने आणायला गेला की तो प्रहराने परते.

"बुरूड भेटला होता," तो पत्नीला सांगे. "टोपलीचे बूड कसे विणतात ते आज कळले."

"आणि पाने?" ती विचारी. पाने राहिलेलीच असत.

राजपुरोहित पर्वतक याला हे हास्यास्पद वाटे. तो तक्षशिलेत बारा वर्षे शिकून आला होता. "माझे शिकून झाले," असे तो सांगे. त्यानंतर त्याने खरोखरच काही शिकून घेतले नव्हते.

पुढे राजकन्येचे लग्न ठरले. राजाने नवरदेवाला नगरात आणण्यासाठी आपला मंगलहत्ती पाठवला. वाजतगाजत वरात वेशीपाशी आली आणि हत्ती थांबला. तो सोंडेने समोरची फरशी ठोके, कान हलवी आणि एक पाऊल मागे सरके. माहुताने गोंजारले, अंकुश दाखवला, ऊस दाखवला. हत्तीने ऊस खाल्ला आणि तो तिथेच उभा राहिला.

पर्वतक पुढे आला. "याला मद चढलाय. गजशास्त्रात यावर एकवीस श्लोक आहेत." त्याने ते एकवीसही म्हटले. हत्तीवर बसलेल्या नवरदेवाला सातव्या श्लोकाला जांभई आली आणि पंधराव्याला भूक लागली.

मुहूर्त टळू लागला. राजा संतापला. "जावयाला खाली उतरवा. भालेकऱ्यांना बोलवा. भाल्यांनी टोचून हत्तीला पुढे काढा, आणि तरी नाही हलला तर मारा!"

"महाराज, थोडा वेळ द्या," अमात्य म्हणाला आणि गर्दीकडे वळला. "हत्ती असे का करतो, कुणाला ठाऊक आहे का?"

हत्तीखान्याला गवत पुरवणारी सुमुखी नावाची म्हातारी पुढे आली. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. "तो जमिनीला विचारतोय," ती म्हणाली. "एवढं मोठं अंग, विचारल्याबिगर पाऊल टाकत नाही. त्याला जमीन 'नको' म्हणतेय."

पर्वतक मोठ्याने हसला. "जमीन बोलते, असे कोणत्या ग्रंथात आहे?"

अमात्याने मात्र हात जोडले. "माई, ते कसे ऐकायचे, मला शिकवाल?"

"शिकवीन की. पण पागोटं काढा. कानावर येतंय."

साऱ्या वरातीदेखत अमात्याने पागोटे काढले, गुडघे टेकले आणि फरशीला कान लावला. वाजंत्रीवाले तोंडावर उपरणे धरून हसू लागले.

"मूठ आवळून ठोका," सुमुखी म्हणाली. "काय ऐकू आलं?"

"काहीच नाही. कदाचित माझे वय..."

"कसं येईल? तुम्ही बोलताय!"

अमात्य गप्प झाला. त्याने भिंतीजवळ ठोकले, मग हत्तीच्या पायाशी, मग वेशीच्या मधोमध. दोनदा त्याचे उत्तर चुकले आणि दोनदा म्हातारी रागावली. तिसऱ्यांदा त्याचे डोळे विस्फारले. "माई, इथे रिकाम्या रांजणासारखे वाजते!"

"आता आलं!" सुमुखी म्हणाली.

राजाने फरशा उचलायला लावल्या. खाली दोन पुरुष खोल पोकळी होती. जुनी मोरी फुटून पाण्याने सारी माती वाहून नेली होती. माणसांचा भार फरशांनी पेलला असता, हत्तीचा पेलला नसता. राजाने खड्ड्यात डोकावून पाहिले. मग त्याने भालेकऱ्यांना परत पाठवले आणि हत्तीच्या सोंडेवर हात ठेवला. जावई पायी नगरात आला आणि मुहूर्ताच्या आधी जेवणाची चौकशी करू लागला.

दुसऱ्या दिवसापासून अमात्य हत्तीखान्यात सुमुखीकडे शिकायला जाऊ लागला. पर्वतकही एकदा जाऊन आला, पण आपण सहज फिरायला गेलो होतो, असे त्याने सांगितले.

विहारात भिक्षूंना एवढी कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, तेव्हाच्या आणि आताच्या जन्मांचा मेळ उलगडला. "भिक्षूंनो, तेव्हाची सुमुखी म्हणजे आज आपल्या विहाराचे अंगण झाडणारी उपासिका. पर्वतक म्हणजे 'माझे सगळे पाठ झाले' म्हणून प्रवचनात डुलक्या घेणारा हा धम्मिल. आणि तो अमात्य मीच होतो."

आपले नाव ऐकून धम्मिल दचकून जागा झाला. "भन्ते," त्याने विचारले, "मग हत्ती कोण होता?"

त्याने विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. शास्ते प्रसन्न झाले. "धम्मिल, ते नंतर सांगेन. न संकोचता विचारणे आणि मरेपर्यंत शिकत राहणे, हीच प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता. तुझी आज सुरू झाली."