वैद्यबुवांचा शिरा

तळवंडी गावात त्र्यंबकबुवा नावाचे वैद्य राहत. हाताला गुण असा की, रोगी दारात आला की निम्मा तिथेच बरा होई. आणि बुवांचा स्वतःच्या अकलेवरचा विश्वास हाताच्या गुणाहूनही दांडगा होता.

त्या साली हणमंता साळी आजारी पडला. माग चालवून चालवून त्याची कंबर धरली होती. बसवेना, निजवेना. माणूस महिनाभर झोपला नव्हता. बुवांनी पोथ्या चाळल्या आणि ठरवलं, याला भांग घातलेला लेह, म्हणजे चाटण, द्यायचा. औषधासाठी भांग बाळगायला राजाचा परवाना लागे. तोही बुवांकडे होता. म्हणजे सगळं कसं रीतसर होतं.

अडचण एकच. लेहात घालण्याआधी भांगेचा पाला भाजावा लागे, आणि भाजताना त्याचा असा उग्र दर्प सुटे की, तीन घरं ओलांडून चौथ्या घरातल्या माणसाने नाक मुरडावं. शेजारच्या गावातल्या एका वैद्याला लोकांनी याच वासावरून ‘भंगड्या’ म्हणायला सुरुवात केली होती. पुढे त्याच्याकडे कुणी साधा काढा प्यायलाही जाईना. बुवांना ही धास्ती होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्यांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. बायकोला नाही आणि औषध घेणाऱ्या हणमंतालाही नाही.

दर सोमवारी बुवांच्या बायको चिमाबाई धुणं घेऊन नदीवर जात. तेवढ्या वेळात बुवा कामाला लागत. पहिल्या सोमवारी त्यांनी खिडक्या लावल्या आणि दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. धूर आतल्या आत कोंडला, बुवा खोकून खोकून लाल झाले, आणि वास बाहेर जायचा तो गेलाच. शेजारच्या आवडाक्कांनी कुंपणावरून विचारलं, “बुवा, काय जळतंय?”

“जुनं गोणपाट,” बुवा म्हणाले.

दुसऱ्या सोमवारी त्यांनी धूप घातला, तोही मूठमूठ. आवडाक्का पुन्हा कुंपणाशी हजर. “आज कुठला सण हो? आणि तुमचं गोणपाट अजून जळतंयच की!”

पण हार मानतील ते त्र्यंबकबुवा कसले! तिसऱ्या सोमवारी त्यांनी नामी युक्ती काढली. पाला भाजून झाला. तो डब्यात भरला, कढई नुसती फडक्याने पुसली आणि त्याच कढईत तूप ओतून रवा परतायला घेतला. वर साखर, वेलदोडा आणि दोन पिकली केळी. साजूक तुपातल्या रव्यापुढे कुठल्या वासाचं काय चालणार? शिरा मागाहून गुपचूप उकिरड्यावर टाकायचा, असा बेत होता. कोपऱ्यात धूपही जळत होता. बुवांनी खोल श्वास घेतला. भांगेचा मागमूस नव्हता. आपली पाठ आपल्याला थोपटता येत नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

पण धूप, तूप, केळी आणि वेलदोडा हे चार वास एका घरातून आले की, आपल्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. आळीत बातमी पसरली की, बुवांकडे सत्यनारायण आहे. प्रसादाला आमंत्रण लागत नाही, आणि प्रसाद न घेता दारावरून जाऊ नये, हे तर पोरासोरांनाही ठाऊक. घटकाभरात अंगण भरलं. आवडाक्का आल्या. काठी टेकत हणमंता आला. सात महिन्यांची गरोदर गोजरा सासूचा हात धरून आली.

तेवढ्यात चिमाबाई नदीवरून परतल्या. अंगणात माणसं, चुलीवर शिरा. त्यांना वाटलं, नवऱ्याने आपल्याला चकित करायला पूजा मांडली. धुण्याचे पिळे तिथेच टाकून त्यांनी शिरा परातीत काढला आणि बाहेर आल्या. सगळ्यांत आधी त्यांनी गोजरापुढे परात धरली. “घे गं, पहिला मान तुझा.”

गोजराने ओंजळ पुढे केली.

बुवा उंबऱ्यात उभे होते. ती पुसलेली कढई त्यांच्या डोळ्यांपुढे आली. गप्प राहिलं तर नाव राहत होतं. बोललं तर आयुष्यभराची अब्रू या अंगणात सांडणार होती. गोजराची बोटं शिऱ्याला लागणार, तोच ते ओरडले, “थांब! खाऊ नकोस! कुणीच खाऊ नका! हा प्रसाद नव्हे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. भांग, गोणपाट, धूप, कढई, काही म्हणजे काही लपवून ठेवलं नाही. चिमाबाईंनी परात खाली ठेवली. गोजराच्या सासूने सुनेला मागे ओढलं.

“माझ्याकडे परवाना आहे,” बुवा कसेबसे म्हणाले.

“परवाना राजाला दाखवा,” आवडाक्का कडाडल्या. “आम्हांला तोंडानं सांगायचं होतं. आजवर आमच्या पुड्यांत काय काय घातलंत, ते आता कुणाला विचारायचं?”

बुवांची मान आयुष्यात पहिल्यांदाच खाली गेली.

हणमंता सावकाश पुढे आला. “बुवा, दोन आठवडं मी झोपतोय. भांग हाय म्हणाला असता, तरी घेतलंच असतं. पर इचाराया पायजे व्हतं. दुखणं माझं हाय.”

त्र्यंबकबुवांना फार लाज वाटली. अंगण भरलेलं असताना त्यांनी साळ्यापुढे हात जोडले. “चुकलो, हणमंता. आता विचारतो. घेशील का?”

“घेतो की. उद्या नवं काय घातलं, तर उद्या पुन्हा इचारा.”

पुढच्या सोमवारी बुवांनी परसात उघड्यावर चूल मांडली. बाया पदर नाकाला लावून जात, पण काय जळतंय ते कुणी विचारत नसे. काही घरं मात्र वर्षभर औषधाला आली नाहीत. जी येत, ती पुडी हातात घेण्याआधी विचारत, “बुवा, यात काय आहे?” मग बुवा एकेक मूळ, एकेक पाला नावानिशी सांगत बसत. दुपारचं जेवण रोज निवून जाई. चिमाबाई कुरकुरत, पण बुवांनी एकदाही उत्तर आखडतं घेतलं नाही.

तात्पर्य: औषध कितीही चांगलं असलं, तरी लपवून दिलं की त्याचं विष होतं. सरळ काम उघड्यावर करावं; चार दिवस लोक नाक मुरडतील, पण विश्वास मोडणार नाही.