डाव्या पुडीवरची कणीक

“मेंदू विझत चाललाय म्हणतात, मग बाबांची बोटं थांबत का नाहीत, बुवा?” मल्हारीनं विचारलं.

त्याचे वडील दत्तोबा मठाच्या ओट्यावर बसले होते. एकेकाळी पंचक्रोशीत त्यांच्या पखवाजाला तोड नव्हती. पुढे बाटली जवळ केली, आणि आता पोटच्या पोरालाच विचारायचे, ‘आपण कुठले?’ बोटं तेवढी मांडीवर अखंड नाचत होती, ना ताल ना सम.

मल्हारीला पखवाज शिकवणाऱ्या अमृतबुवांनी नाक मुरडलं. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

“आजही?”

“दोनच घोट. घेतले की हात कसा सुटतो म्हणून सांगू.” लाज राहिली बाजूला, गडी ऐटीत होता. “बाबांचं वेगळं. त्यांना वय नडलं.”

“असं... काल शिकवलेली परण, सगळे बोल, म्हण बघू.”

मल्हारीनं तोंड उघडलं... मिटलं.

“जिभेवरच आहे, बुवा.”

बुवांनी पखवाज पुढ्यात ओढला. डाव्या तोंडाच्या चामडी पुडीवर सकाळी थापलेली ओली कणीक नखांनी खरवडून काढली आणि दारातल्या गाईपुढे टाकली. गाईनं ती चाटूनपुसून खाल्ली.

“वाजव.”

मल्हारीनं थाप मारली. कणकेनं दाबून धरलेला आवाज मोकाट सुटला. एक बोल विरायच्या आत दुसरा त्याच्यात घुसायला लागला. त्यानं हात आणखी जोरात चालवला, तशी सम कुठे गेली तेच त्याला कळेना.

“आवाज वाढला की,” बुवा म्हणाले.

“वाढला. पण यात बोल कुठाय?”



ओट्यावर दत्तोबा हसले. खुशीत मान डोलावून म्हणाले, “वाहवा. कोण वाजवतंय?”

कणीक जराशी कमी पडली म्हणून याच माणसानं एकदा मल्हारीच्या कानाखाली काढली होती. मल्हारीचे हात पखवाजावरून आपोआप खाली आले.

“बुवा... बाबांच्या डोक्याला पुन्हा कणीक लावता येईल?”

बुवांनी गाईकडे पाहिलं. ती डोळे मिटून रवंथ करत होती.

मग त्यांनी पिठाची परात मल्हारीपुढे सरकवली. तळाशी मूठभर पीठ होतं.

“तुझ्यापुरतं एवढं उरलंय. पाण्यात भिजवायचं की दारूत, ते तू बघ.”