पिठाचे माप

पूर्वी वेणुमती नगरात धृतिषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजाच्या अन्नछत्राचा अधिकारी होऊन जन्मला होता. त्याचे नाव उपशम.

त्या साली पाऊस आला नाही. राजाने कोठार उघडले आणि माणशी रोज एक माप गहू द्यावा, अशी आज्ञा केली. पितळेचे ते माप राजमुद्रेचे होते. त्यात कमीजास्त करणाऱ्याचा उजवा हात तोडावा, असा त्या राज्याचा कायदा होता. पुढे उपासाने लोक इतके खंगले, की जाते ओढायचेही बळ त्यांच्यात उरले नाही. राजाला दया आली. गहू राजवाड्यात दळून त्याच मापाने पीठच द्यावे, असे त्याने सांगितले.

उपशम स्वतः वाढायला उभा राही. चाळलेले हलके पीठ तो मापात काठोकाठ भरी. पण रांगेतली माणसे दिवसेंदिवस वाळतच चालली. एका सकाळी तगरा नावाची म्हातारी पदर पसरून म्हणाली, "अरे उपशमा, माप तर भरून देतोस. मग माझा पदर असा हलका का रे बाबा? वाऱ्यानं उडायचा एखादे दिवशी!"

रांगेतले चौघे हसले. म्हातारी हसली नाही. तिच्या कडेवरच्या नातीला रडायचेही त्राण नव्हते.

उपशमाच्या मनाला ते लागून राहिले. तो कोठारात गेला. तिथे अमात्य वसुदंत आनंदात होता. "बघ, खाणारी तोंडं तेवढीच, पण गहू पूर्वीपेक्षा कमी उपसला जातोय. राजाच्या पुण्याईनं बरकत आली!"

उपशमाने तराजू मागवला. एका पारड्यात मापभर गहू ओतला, दुसऱ्यात मापभर पीठ. पिठाचे पारडे वर गेले. त्याने आणखी अर्धे माप पीठ घातले, तेव्हा कुठे काटा स्थिरावला. ती बरकत कोणाच्या पोटातून आली होती, हे त्याला कळले.

"कुणाला बोलू नकोस," वसुदंत हळूच म्हणाला. "माप राजाचं आहे. तुझ्यावर काही येत नाही."

उपशम तराजू घेऊन तसाच राजासमोर गेला आणि त्याने गहू अन् पीठ पुन्हा तोलून दाखवले.

राजाचा चेहरा उतरला, मग तो तापला. "माझ्या मापावर बोट ठेवतोस? ते खोटं आहे?"

"खरं आहे, महाराज. पण पोटाला माप कळत नाही, वजन कळतं. उद्यापासून मी दीड माप वाढणार आहे."

"कायदा ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. उजवा हात घ्या. वाढायला डावा पुरेल."

राजाने तराजूकडे पाहिले. मग त्याने मापभर पीठ आपल्या मुदपाकखान्यात पाठवले आणि दिवसभर तेवढ्याच्या भाकऱ्या खाल्ल्या. संध्याकाळी त्याने उपशमाला बोलावले. त्याचा आवाज खाली आला होता. "मी एकच दिवस भुकेला राहिलो. ती माणसं किती दिवस राहिली असतील?"

"महाराज, आता उशीर नको."

दुसऱ्या दिवसापासून राजाच्याच आज्ञेने अन्नछत्रात पीठ गव्हाच्या वजनाइतके तोलून मिळू लागले. सुगीपर्यंत धान्य पुरावे म्हणून राजवाड्यातली पक्वान्ने बंद झाली. सर्वांआधी उपशमाने आपल्या घरचा वाटा निम्मा केला. पहिली वाढणी तगरेच्या पदरात पडली. तिने नातीसाठी पातळ पेज केली, आणि चार दिवसांनी ती पोर पुन्हा मोठ्याने रडू लागली. म्हातारी ते रडणे साऱ्या रांगेला ऐकवीत उभी राहिली.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे आज विहारात मापाकडेच पाहून भिक्षा वाटून देणारा हा भिक्षू. वसुदंत म्हणजे भिक्षा उरली म्हणून आनंदणारा त्याचा सोबती. तगरा म्हणजे दाराशी बसलेली ही वृद्ध उपासिका, आणि तिची नात आजही तिचीच नात आहे. अन्नछत्राचा अधिकारी मी स्वतः होतो. देणाऱ्याने आपला हात पाहू नये, घेणाऱ्याची भूक पाहावी. यालाच करुणा म्हणतात."