रिकामी वाटी देऊ नये

नगर नव्हतं, राजाही नव्हता. होती एक हिरवीगार टेकडी, तिच्या पायथ्याशी एक चिमुकलं घर, आणि त्या घरात राहायची शेवंती.

शेवंतीला बाबा नव्हते. आई लग्नाच्या पंगतींसाठी पुऱ्या लाटायला जायची. आणि लग्नं तरी कधी असावीत? नेमकी शनिवारी-रविवारी! शनिवारी पहाटे आई निघाली, की रविवारी दिवे लागल्यावरच घरी यायची. रात्री शेजारच्या काकू सोबतीला येत, पण दिवसा घर अगदी खायला उठायचं. बोलायचं तरी कुणाशी, चुलीशी?

म्हणून शेवंती प्रयोग करायची. नाचणीचं पीठ, गूळ आणि चमचाभर तूप मळून इवल्या इवल्या नानकटाया थापायची. कढईत वाळू तापवून त्यांची थाळी आत ठेवायची, वर झाकण आणि झाकणावर निखारे. कधी कोळसा व्हायचा, कधी दगड. चांगलं जमलं तर तिला जास्तच वाईट वाटायचं. एकटीने कसलं चाखायचं!

एका शनिवारी ती परसात लिंबू तोडायला गेली, तर फांदीवर बाहुलीएवढी परी! पंख पोपटी, कडा चंदेरी, केसांत दवाचे टिपूस. परीने तिला एक मोतिया रंगाची वाटी दिली.

"हिच्याकडे दोनदा हवा तो खाऊ माग," परी म्हणाली. "तिच्याकडे माणूस मात्र मागायचा नाही. उद्या सूर्य मावळताना वाटी रिकामी परत दे. एवढं पाळलंस, तर मनातली एक इच्छा पुरी करीन."

इच्छा तर तयारच होती. शनिवारी आई घरी हवी.

त्या दिवशी शेवंतीने गुलाबी केक मागितला. काय त्याचा थाट! पण दोन घासांतच तिने तो बाजूला सारला; सोबत खायला कुणीच नव्हतं. रविवारी तिने केशरी जिलब्या मागितल्या आणि काकूंकडे नेल्या, तर दाराला कुलूप. शेवटी त्या चिमण्यांना घातल्या आणि ती पुन्हा आपल्या चुलीपाशी बसली. आणि काय सांगू, त्या दुपारी नानकटाई जमली! खमंग, खुसखुशीत, एका कडेला जराशी करपलेली.

उन्हं कलली. शेवंतीने वाटी धुतली, पुसली आणि निघाली, पण पाय दारातच अडला. कुणाची वाटी रिकामी परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, असं आई नेहमी सांगायची. आणि परीला तर वाटी रिकामीच हवी. आली का पंचाईत! तिने एक नानकटाई मुठीत घेतली आणि लिंबाखाली गेली. परी एकटीच बसली होती.

"तुला कुणी काही खायला देतं का गं?" शेवंतीने विचारलं.

परीने नाही म्हणून मान हलवली. आम्ही फक्त द्यायचं असतं, म्हणाली.

शेवंतीचे डोळे भरून आले. वाटी रिकामी दिली तर आई मिळणार होती. पण असं एकटं बसणं काय असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने मुठीतली नानकटाई वाटीत ठेवली.

"घे. माझी इच्छा राहू दे."

परीने एक घास घेतला, मग दुसरा. खाता खाता ती हसली आणि रडलीही. शेवटचा कण चाटून तिने वाटी शेवंतीसमोर उपडी केली.

"बघ बरं," ती म्हणाली, "झाली की नाही रिकामी? आता माग."

शेवंतीने आई मागितली. परसभर सोनेरी, गुलाबी, निळा उजेड सांडला आणि परी त्यात विरून गेली. त्यातली एक ठिणगी मात्र चुलीत जाऊन बसली.

तेव्हापासून त्या चुलीवरच्या नानकटायांचा वास टेकडीपलीकडे जाऊ लागला. लग्नघरची माणसं स्वतःच डबे घेऊन त्या विकत घ्यायला दारात येऊ लागली, आणि आईचं बाहेर जाणं थांबलं.

पहिल्याच शनिवारी आई पदर खोचून चुलीशी बसली आणि शेवंती तिला टेकून. त्या दिवशीची पहिली थाळी चक्क करपली, कारण मायलेकींच्या गप्पाच संपेनात.