मुआनशाचे खांब

बुधवार, १४ ऑगस्ट. सकाळपासून आभाळ करडे, वारा दक्षिणेचा, ऊन नाही.

मोझांबिकच्या उत्तर किनाऱ्यावर एका गावापुढे ओहोटीला समुद्र खूप आत जातो आणि समोरच्या बेटापर्यंत ओली वाळू उघडी पडते. त्या वाळूत तिवराच्या खांबांची एक ओळ आहे. कधी होडीने, कधी पायी, रमतगमत किनारा पाहत निघालेले अलिबागचे श्रीपाद आणि सुनीती थळे तिथे पोहोचले, तेव्हा वाट उघडली होती. सुनीतीबाईंचा गुडघा दुखत होता. श्रीपादरावांनी पहिलाच खांब उपटून त्यांच्या हाती दिला.

"घे, काठी झाली."

वाटाड्या अमादे पुढे न जाता खाली बसला. तरुणपणी तो एका गुजराती दुकानात कामाला होता, त्यामुळे मोडके हिंदी बोले.

"भाई, तो जागेवर लावा."

"अहो, ओहोटीत किल्ल्यावर चालत जाणारी माणसं आम्ही. आम्हाला काय शिकवता?"

"तुमचा समुद्र तुम्हाला ओळखत असेल," अमादे म्हणाला. "हा ओळखत नाही."

सुनीतीबाईंनी खांब नवऱ्याच्या हातात परत दिला. श्रीपादरावांनी तो कुरकुरत परत रोवला. मग अमादेने सांगितले ते असे.

फार पूर्वी वाटेवर खुणा नव्हत्या. मुआनशा नावाच्या लंगड्या बाईने एकेक खांब रोवून ही वाट आखली, असे सांगतात. एकदा तिच्यामागून एक वऱ्हाड बेटाकडे निघाले. बेटावर नवरीचे घर बांधायचे होते, लाकूड हवे होते. अर्ध्या वाटेवर एक म्हातारी मागे राहिल्याचे कळले, म्हणून मुआनशा तिला आणायला माघारी फिरली. वऱ्हाडातले शेवटचे लोक मात्र चालता चालता खांब उपटत होते. आपण तर पार झालो, आता खुणा कशाला, असे त्यांना वाटले. मागे कोण राहिले आहे, हे कोणी मोजले नाही. तेवढ्यात धुके उतरले. ती हाका मारत होती, वऱ्हाडी ओ देत होते. पण पाण्यावर आवाज चहूकडून येतो. दोघी सापडल्या नाहीत.

त्या खांबांवर घर उभे राहिले. काही दिवसांत त्या वाळल्या लाकडांना म्हणे पालवी फुटली, मुळे सुटली, आणि भरती मुळांमागून घरात शिरली. घर नवरीसकट गेले.

"म्हणून आजही इथे सगळ्यात हळू चालणाऱ्याने शेवटी राहायचे आणि निघण्यापूर्वी मुआनशाला हाक मारायची. ओ आली नाही तर चालू लागायचे."

"आणि आली तर?" सुनीतीबाईंनी विचारले.

"तर ती अजून वाटेवर आहे. बेन, हाक तुम्हीच मारायची."

श्रीपादराव हसले. सुनीतीबाईंना संकोच वाटला, तरी त्यांनी तोंडाभोवती हात धरून हाक मारली. समोर कोरी वाळू होती. पाण्याच्या बाजूने, फार लांबून नाही, बाईच्या आवाजात ओ आली.

"प्रतिध्वनी असेल," श्रीपादराव म्हणाले.

"डोंगर कुठे आहे, भाई?" अमादे उठून गावाकडे चालू लागला.

सुनीतीबाई त्याच्यामागे निघाल्या. श्रीपादराव थोडा वेळ उभे राहिले, मग तेही आले.

भरती सुरू व्हायला अजून दोन तास होते. अर्ध्या तासात मधले खांब बुडाले.

गुरुवारी हाकेला उत्तर आले नाही. तिघे बेटावर पोहोचले. गावाकडून निघताना पहिल्या खांबाला दोन पाने होती.