पहिला कोण आला?

फार पूर्वी लोक धान्य घरात कमी आणि जमिनीत जास्त ठेवायचे, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाबाहेरच्या माळावर गावाची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस. त्यात ज्वारी भरायची, तोंड लिंपून टाकायचं आणि लागेल तेव्हा उघडायचं. बंद पेवात वाईट हवा साठते, म्हणून उघडल्यावर दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीने दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर माणसाने उतरायचं नाही. हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

त्या गावात एकदा कुणीतरी रात्री पेव फोडलं आणि ज्वारी चोरीला गेली. सगळ्यात आधी एक शेजारी धावत आला. हळहळला, मालकाला धीर दिला, पोती शोधायला सगळ्यांच्या पुढे. आठ दिवसांनी ती पोती त्याच्याच गोठ्यात कडब्याखाली सापडली.

गावचा पाटील हुशार होता. जरा जास्तच हुशार म्हणा, कारण एका चोरावरून त्याने सगळं गाव ओळखून टाकलं. त्याने चावडीवर लोकांना जमवलं आणि समोरच्या दगडाकडे बोट दाखवून सांगितलं, "यापुढे कुणावर संकट आलं की मदतीला जो पहिला येईल, त्याला या दगडावर बसवायचं. तीन गोष्टी विचारायच्या. तूच पहिला कसा? तुला आधी कळलं कसं? यात तुझा फायदा काय? उत्तरं पटली तरच उठू द्यायचं."

लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्याची चौकशी होणार म्हटलं की माना लवकर डोलतात.

मग काय झालं, तर कुणाच्या गंजीला आग लागली की अर्धं गाव वहाणा शोधू लागलं. सापडलेल्या वहाणा लोक पुन्हा झटकून बघायचे. दारातून डोकावून शेजारी निघाला का ते पाहायचे, आणि शेजारीही तेच पाहत असायचा. एकदा कुणीतरी पोचला की मग मात्र सगळे घागरी घेऊन धावायचे. दुसरं यायला गावात कुणाची ना नव्हती.

अशा गावात तान्हाबाई नावाची कासारीण नव्याने राहायला आली. घरोघर जाऊन बायकांना बांगड्या भरायची. एका सकाळी विहिरीवर म्हातारी सुतारीण भोवळ येऊन पडली. जवळ चार बायका होत्या, चौघीही आपापल्या घागरीत बघत उभ्या राहिल्या. तान्हाबाईने टोपली खाली ठेवली, म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. म्हातारी उठून बसली आणि तान्हाबाई जाऊन दगडावर बसली.

"तूच पहिली कशी?" पाटलाने विचारलं.

"मी जवळ होते."

"जवळ चौघी होत्या. तुझा फायदा काय?"

"काहीच नाही, पाटील."

"फायदा नाही असं कसं होईल? म्हणजे तू लपवतेयस."

दोन दिवस तिला तिथे बसवून ठेवलं. तेवढ्यात कुणी म्हातारीच्या गळ्यातली पोत जाऊन पाहून आलं. पोत जागेवरच होती, तरी लोक म्हणाले, वेळ मिळाला नसेल. बांगड्यांच्या निमित्ताने ही घरं हेरते, अशीही कुजबुज झाली. तिला दारात उभं करणाऱ्या बायका कमी झाल्या. तान्हाबाईला फार वाईट वाटलं. मग हळूहळू तीही वहाणा शोधायला शिकली.

पुढच्या चैत्रात देवीचा भंडारा होता. पाटलाचा धाकटा भाऊ रावजी मोठा कामसू माणूस. भाकऱ्यांना ज्वारी कमी पडेल म्हणून त्याने सकाळी पेव उघडलं आणि दुपार व्हायच्या आत घाईने खाली उतरला. दिवा सोडून बघितलाच नाही. थोड्याच वेळात आतून त्याचा आवाज आला, "अरे, वर घ्या मला."

माळावर पोती उचलायला जमलेली चाळीस माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. सगळे पेवाकडे आले आणि दहा पावलांवर गोल करून थांबले.

"त्याचा चुलता इथेच आहे की. घरचा माणूस आधी," एक जण म्हणाला.

चुलता म्हणाला, "मी गेलो तर उद्या म्हणाल, शेताच्या वाट्यासाठी मीच ढकललं."

"मग वैद्यांनी जावं."

"बोलावणं आल्याशिवाय मी कुणाकडे जात नाही," वैद्य म्हणाला आणि त्याने चुलत्याकडे संशयाने पाहिलं.

शेवटी सुताराने तोड काढली. सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं, म्हणजे पहिला कुणीच नाही. "मी तीनपर्यंत म्हणतो," तो म्हणाला. पण जो म्हणेल तोच पुढारी ठरेल, अशी कुणीतरी शंका काढली. मग कुणी म्हणायचं यावर वाद सुरू झाला. पेवातून आता आवाज येत नव्हता.

ज्वारी न्यायला आलेल्या बायकांत तान्हाबाईही होती. तिने टोपली खाली ठेवली आणि एक पाऊल टाकलं. तोच मागून तिचा पदर कुणीतरी धरला. ती म्हातारी सुतारीण होती.

"नको गं बाई," म्हातारी मायेने म्हणाली. "मागे माझ्यापायी दोन दिवस बसलीस."

तान्हाबाईला स्वतःची लाज वाटली. तरी ती थांबली.

तेवढ्यात गावातून पाटील आला. पेवाच्या तोंडाशी त्याला भावाचं पागोटं पडलेलं दिसलं आणि तो धावत सुटला. तो एकटा पुढे गेला मात्र, त्याच्यामागे चाळीसही जण धावले. कुणी दोर आणला, कुणी सुपांनी आत वारा घातला, कुणी कमरेला दोर बांधून श्वास रोखून खाली उतरला. बघता बघता रावजीला वर काढलं. इतक्या चटकन कुठलंही काम त्या गावात आजवर झालं नव्हतं.

वैद्याने बराच वेळ रावजीचा हात धरून ठेवला. मग खाली ठेवला आणि म्हणाला, "थोडं आधी काढायला हवं होतं."

तिसऱ्या दिवशी पाटील चावडीवर आला. डोळे सुजलेले, पण नजर तीच जुनी. एकेकाच्या तोंडाकडे बघत शेवटी तो तान्हाबाईपाशी थांबला.

"तू तर धावून जाणारी बाई. तू का नाही आलीस? खरं सांग, काय होतं तुझ्या मनात?"

तान्हाबाई म्हणाली, "मी आले असते, तर रावजीदादा आज घरात जेवत असते आणि मी या दगडावर बसलेली असते. तुम्ही मला विचारलं असतं, पेवात तूच ढकललंस ना?"

पाटलाने मान खाली घातली.

"विचारलं असतं," तो म्हणाला. मग त्याच दगडावर बसला आणि सगळ्या गावादेखत रडला.

दगड अजून तिथेच आहे. पाटलाने तो हलवू दिला नाही, रीत तेवढी बदलली. मदतीला जो पहिला येईल त्याला अजूनही त्याच्यावर बसवतात, पण आता त्याच्या हातावर गूळ ठेवतात आणि तांब्याभर पाणी देतात. प्रश्न बाकीच्यांना विचारतात, तुम्ही कुठे होता?

पुढे कुजबुज निघालीच. गावच ते. काही जण नुसते गुळासाठी आधी धावतात, असं कुणीतरी पाटलाच्या कानावर घातलं.

"धावू देत," पाटील म्हणाला. "गूळ माझ्याकडे पुष्कळ आहे. भाऊ एकच होता."

तात्पर्य एवढंच: धावून येणाऱ्याचा हेतू तपासत बसलात, तर एक दिवस तुमच्यासाठी धावून येणारं कुणी उरणार नाही.